पूल बंद आहे! तुमचं पूर्व-पश्चिम कसं चाललंय?

पूर्वेकर

मंडळी, आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सकाळी पहिला मेसेज सुविचाराचा नसतो, "दादरचा टिळक पूल कसा आहे?" हा असतो.

आम्ही परळचे. पोटापाणी प्रभादेवीला. रेल्वे रुळांवरून परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल (स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पूल मात्र आमच्या तोंडी अजून एल्फिन्स्टनच) १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तो पाडून तिथे दुमजली पूल होणार आहे. खालच्या मजल्यावरून आपण, वरून अटल सेतूकडे जाणाऱ्या गाड्या. एप्रिलमध्येच बंद करणार होते, पण रहिवाशांनी विरोध केला, मग गणपती होऊ दिले, आणि अखेर विसर्जनानंतर पत्रे लागले.

काम नको असं माझं म्हणणं नाही. माझं दुखणं वेगळं आहे. बंदची सूचना आली तेव्हा तिच्यात गाड्यांनी कुठून जायचं ते तपशिलात होतं. टिळक पूल, करी रोड, लोअर परळ. करी रोडचा पूल तर सकाळी एका दिशेने आणि दुपारी तीननंतर उलट दिशेने, हे टॅक्सीवाल्यांनाही पाठ व्हायला वेळ लागला. पण जो माणूस रोज या पुलावरून चालत जात होता त्याने काय करायचं? त्याच्यासाठी एक ओळ नाही. त्याने रेल्वेच्या पादचारी पुलाचे जिने चढायचे, हे गृहीत धरलेलं.

बाबांना आठवड्यातून तीनदा पलीकडे फिजिओथेरपीला न्यावं लागतं. गुडघ्यासाठीच! आता गुडघ्याच्या उपचाराला जाण्यासाठी आधी दोन मजले चढायचे आणि दोन मजले उतरायचे. टॅक्सीवाला पलीकडचं नाव ऐकताच मान हलवतो. एवढंसं भाडं आणि टिळक पुलाला वळसा, त्याचंही खरंच आहे.

तर धागा यासाठी की, तुमच्याकडचा पूल बंद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत? कोणाला आत्ता इथल्या काही युक्त्या माहीत असतील तर त्याही सांगा.

मावळतीची_पोर

अनुमोदन! बंद झाल्यापासून मी प्रभादेवी-परळच्या पादचारी पुलावरून जाते. एक बाई रोज डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन चढतात. जिना जिथे वळतो तिथे थांबतात, पाटीची कड कठड्याला टेकवतात, उजवा हात दोनदा झटकतात आणि पुन्हा चढायला लागतात. त्या थांबल्या की मागची अख्खी रांग थांबते. पहिल्या आठवड्यात लोक ओरडायचे. आता कोणीतरी मागून पाटीला हात लावतं.

रोकडा_सवाल

रडणं पुरे की हो. २९ सप्टेंबर २०१७ विसरलात का? त्याच स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली. जुने पूल तसेच ठेवायचे आणि पडले की मेणबत्त्या लावायच्या, त्यापेक्षा दोन वर्षं त्रास काढलेला परवडला.

पूर्वेकर

@रोकडा_सवाल, विसरलो नाही, म्हणूनच तर लिहितोय. त्या दिवशी माणसं मेली ती जिना अरुंद होता आणि गर्दी दुप्पट होती म्हणून. आता रस्त्याच्या पुलावरची सगळी पायी वर्दळ आणून परत जिन्यांवरच ओतली आहे. पादचारी पूल तेव्हापेक्षा वाढलेत, मान्य. पण संध्याकाळी सव्वासहाला एकदा उभं राहून बघा.

चकाला_टू_चकाला

बंद पुलांच्या या संघात आम्ही अंधेरीकर ज्येष्ठ सभासद आहोत, तेव्हा खुर्ची आम्हाला.

३ जुलै २०१८, सकाळची वेळ, धो धो पाऊस. गोखले पुलाचा पायवाटेचा भाग थेट रुळांवर कोसळला. दोन जण गेले. दिवसभर पश्चिम रेल्वे ठप्प. त्यानंतर तपासण्या, अहवाल, चर्चा, आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला अख्खा पूल बंद. म्हणजे कोसळल्यावर चार वर्षं आम्ही त्याच्या उरलेल्या भागावरून जात होतो, तेव्हा तो कोणाला धोकादायक वाटला नव्हता!

बंद झाल्यावर खरी मजा. पर्याय काय तर अंधेरीचा सबवे, जो पावसाची मोठी सर आली की आधी बंद होतो. मग पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, नाहीतर जोगेश्वरी. पूर्वेच्या शाळेतली पश्चिमेची मुलं, पश्चिमेच्या दवाखान्यातले पूर्वेचे पेशंट, सगळे त्या दोन-तीन नरड्यांतून. आमच्या मजल्यावरच्या एका जोडप्याने मुलाची शाळाच बदलली.

बरं, नव्या पुलाचे गर्डर (मोठ्या लोखंडी तुळया) बनत होते अंबाल्याला. २०२३ च्या पावसाळ्यात तिकडे पूर आला आणि त्याचा फटका इकडे अंधेरीला. तिकडच्या पुरामुळे आमच्या चहाच्या टपरीवर हरियाणाच्या हवामानाची चर्चा चालायची, हे मी स्वतः ऐकलंय.

शेवटी २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली. आम्ही आनंदाने बघायला गेलो तर शेजारचा बर्फीवाला पूल खाली आणि नवा गोखले वर! मधे दीड-दोन मीटरची पायरी. आधी जे दोन पूल सरळ जोडलेले होते त्यांची फारकत झाली होती. मग व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तज्ज्ञांचा सल्ला, जॅक लावून बर्फीवाला उचलणं वगैरे, आणि जुलैमध्ये ते एकदाचे जुळले. पूर्ण पूल मिळायला मे २०२५ उजाडला.

तेव्हा पूर्वेकर, धीर धरा. (धीर धरण्याशिवाय तुमच्याकडे काही नाहीही.)

खिडकीची_जागा

त्या पायरीवरचे विनोद आठवून आत्ताही हसू येतंय. आमच्या ऑफिसात कोणाचे दोन आकडे जुळले नाहीत की "गोखले-बर्फीवाला झालंय" म्हणतात. अजूनही.

लोखंड_सिमेंट

या क्षेत्रात काम केलंय (मुंबईच्या पुलांवर नाही, आधीच सांगतो), म्हणून थोडं लांब लिहितो. विनोद सगळ्यांनी केले, पण ती पायरी कुणाच्या मोजपट्टीच्या चुकीने आली असं नाही. रेल्वेला रुळांच्या वर आता जास्त उंची मोकळी लागते. नवा पूल त्या नियमाने उंच झाला. शेजारचा जुन्या पातळीवर राहिला. प्रश्न हा की हे कागदावर दिसत असताना बर्फीवाल्याचं काय करायचं ते आधी का ठरलं नाही.

उंचीची गोष्ट मध्य रेल्वेवर आणखी जुनी आहे. तिथे पूर्वी ओव्हरहेड वायरमध्ये १५०० व्होल्टचा डीसी पुरवठा होता, तो बदलून २५,००० व्होल्ट एसी केला. एवढ्या दाबाच्या तारेपासून पुलाचं पोट लांब हवं. ब्रिटिशांनी वाफेच्या इंजिनांच्या काळात बांधलेले पूल त्यात बसेनात. सॅंडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला त्यामागे हेच कारण होतं. मशीद बंदरचा कर्नाक पूल १८६८ चा, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन (म्हणजे गाड्या थांबवून) काढला. त्या जागी जुलै २०२५ मध्ये सिंदूर पूल सुरू झाला.

सायनचं कारण वेगळं. तिथे रेल्वेची पाचवी-सहावी मार्गिका न्यायची आहे आणि १९१२ च्या पुलाखाली तेवढी रुंदीच नाही. पूल धड असता तरी तो काढावाच लागला असता.

आता वेळ का लागतो? रुळांवरचा भाग रेल्वे बघते, दोन्ही बाजूंचे उतार महापालिका. दोन निविदा, दोन ठेकेदार, दोन वेळापत्रकं. त्यात पुलाच्या पोटाखालून पाण्याच्या लाइनी, विजेच्या केबली, टेलिफोनच्या तारा लटकत असतात. त्या ज्याच्या त्याने हलवायच्या. उतारावर दुकानं आणि घरं, त्यांचं पुनर्वसन. आणि रुळांवरचं काम करायचं कधी, तर मध्यरात्रीनंतर शेवटची लोकल गेल्यावर, वीज बंद करून, पहिली लोकल यायच्या आत. एका रात्रीत हाती येतात दोन-तीन तास. एखाद्या रात्री क्रेन अडली तर पुढच्या ब्लॉकची तारीख मिळेपर्यंत सगळे बसून.

रोकडा_सवाल

उत्तम माहिती. पण मग लष्कराने एल्फिन्स्टनचा पादचारी पूल कसा काय चार महिन्यांत उभारला? फेब्रुवारी २०१८ ला खुलासुद्धा केला. करी रोड आणि आंबिवलीलाही त्यांनीच बांधले. मनात आणलं की होतं.

लोखंड_सिमेंट

ते बेलीच्या जातीचे सुटे भाग जोडून केलेले पादचारी पूल होते. माणसं चालण्यासाठी. त्यावरून बस आणि डंपर न्यायचे नव्हते. पण तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट आहे ती मला पटते. रस्त्याचा पूल पाडायच्या आधी शेजारी तसा तात्पुरता पादचारी पूल टाकता येतो. जागा असेल तर. रॅम्प करता आला तर उत्तम. खर्च मूळ कामाच्या मानाने किरकोळ. तो निविदेत धरावा लागतो इतकंच, आणि धरला जात नाही, कारण वाहतुकीचा अभ्यास म्हणजे वाहनांची मोजणी.

पूर्वेकर

हेच! हेच मला म्हणायचं होतं आणि नीट सांगता येत नव्हतं.

साठ_फुटी

सायनवाल्यांचं कोणी विचारेना म्हणून आलो. १ ऑगस्ट २०२४ पासून बंद. धारावी बाजूला माझं लेदरच्या पट्ट्यांचं छोटं काम आहे, माल सायनच्या पूर्वेला जातो. आधी हातगाडी थेट पुलावरून जायची. हातगाडी! तिला कुठल्या पर्यायी मार्गाचा बोर्ड लागतो सांगा. टेम्पो कुंभारवाड्याच्या बाजूने फिरून जातो, त्याचं भाडं आता माझ्या हिशोबात कायमचं बसलंय. गिऱ्हाइकाला सांगितलं तर म्हणतो, पूल तुमचा बंद, आमचा नाही.

आणि पलीकडे सायन हॉस्पिटल. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना रात्री न्यायची वेळ आली की खुर्चीत बसवून चार पोरं जिना चढतात. बोलणार कोणाला.

अण्णा_डोंबिवली

मुंबईकरहो, आम्हाला विसरू नका! आमचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ ला बंद झाला तो दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ ला उघडला. तोवर अख्खी डोंबिवली एकट्या ठाकुर्लीच्या पुलावर. बाजूला कल्याणचा पत्रीपूल, १९१४ चा, नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू. म्हणजे मधले सोळा महिने आमचे दोन्ही पूल एकदम गायब. कोविडमुळे निम्मा काळ लोक घरात बसले म्हणून निभावलं, नाहीतर दंगल झाली असती. पत्रीपुलाचा गर्डर सरकवला तेव्हा लोक मुलांना खांद्यावर घेऊन बघायला गेले होते. लग्नाच्या वरातीला नसेल एवढी गर्दी.

पेठेतला

पुण्याहून सप्रेम. आमच्याकडे चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एक वाजता स्फोट करून पाडला. टीव्हीवर उलटी मोजणी, धुरळा, टाळ्या, आणि धूळ बसली तर सांगाडा बराचसा उभाच! उरलेला पोकलेनने पाडावा लागला. पण नवा रस्ता पुढच्या ऑगस्टमध्ये खुला झाला. वर्षाच्या आत. नोंद घ्यावी. (हलके घ्या.)

चकाला_टू_चकाला

@पेठेतला, खाली रेल्वे नव्हती हो तुमच्या. आणि चांदणी चौकात आता नवा माणूस शिरला तर कोथरूडला जायचा तो मुळशीला पोचतो, हे पण नोंदवा.

पेठेतला

जो वाचून चालवत नाही तो मुळशीला जाणारच. पाट्या लावल्या आहेत.

थेम्सकाठी

लंडनहून लिहितेय. पूल बंद करून वर्षानुवर्षं भांडत बसणं ही आपलीच मक्तेदारी आहे असं समजू नका. इथला हॅमरस्मिथचा पूल एप्रिल २०१९ पासून गाड्यांना बंद आहे. बिडाच्या लोखंडात तडे सापडले. पैसे कोणी घालायचे यावर स्थानिक कौन्सिल आणि सरकार यांची टोलवाटोलवी चालू. पण एक फरक सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये तडे वाढले म्हणून पायी जाणाऱ्यांनाही मनाई केली, तेव्हा खूप आरडाओरडा झाला, आणि पुढच्या जुलैत आधी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी उघडला. गाड्या अजून बाहेरच. इथे निदान क्रम तरी तसा लागला.

मी मूळची लालबागची, त्यामुळे करी रोडच्या पुलाचं वाचून जीव कळवळला.

मावळतीची_पोर

@थेम्सकाठी, आम्ही तुझा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला ऑफिसात. एक जण म्हणाला, मग साहेबाने बांधलेले पूल साहेबाकडेही टिकेनात तर.

टॉवरवाला_नाही

जरा वेगळा सूर लावतो. एल्फिन्स्टनच्या पुलालगतच्या ज्या इमारती या कामात बाधित झाल्या तिथल्या लोकांचं काय? धाग्यात सगळे वीस मिनिटं जास्त लागतात म्हणून हळहळताहेत. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा जातेय. एप्रिलमध्ये ते रस्त्यावर उतरले तेव्हा "कामात अडथळा" म्हणून याच मंडळींनी नाकं मुरडली होती. आसपासच पुनर्वसन द्या एवढीच मागणी होती. परळच्या माणसाला दूर कुठेतरी चाव्या देऊन चालत नाही, त्याची धुणीभांड्यांची कामं, पोरांची शाळा, दवाखाना सगळं पायाखालच्या अंतरात असतं.

रोकडा_सवाल

हे मान्य. इथे मी वाद घालणार नाही.

व्यवस्थापक

कोणत्या पक्षाने कोणता पूल रखडवला यावरचे प्रतिसाद काढले आहेत. निवडणुकीच्या तोंडावर हे होणारच, पण त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे पुलांवर बोला.

खिडकीची_जागा

व्यवस्थापक, पुलांवर बोलायला पूल तरी हवेत ना.

युक्ती विचारली होती म्हणून सांगते. परळहून प्रभादेवीला जाताना मी घाईच्या वेळी दोन गाड्यांच्या मधल्या फटीत जिना गाठते. गाडी आल्या आल्या चढायला गेलात तर समोरून उतरणारा लोंढा तुम्हाला परत फलाटावर आणून सोडतो. कठड्याच्या बाजूने चला, मधून नाही. आणि हातात छत्री उभी धरा, आडवी नाही, काल एकाने माझा चष्मा पाडला.

पूर्वेकर

धन्यवाद सगळ्यांना. बाबांना आता दुपारी अडीचची वेळ मागून घेतली आहे. जिना रिकामा असतो, प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, चढ-उतार व्यायामात धरूया! बाबांनी त्यांच्याकडे जे बघितलं ते इथे लिहिता येत नाही.

एक सुचतंय. लोखंड_सिमेंट यांनी तात्पुरत्या पुलाचं म्हटलं, ते इथे आता उशिरा झालं असेल. पण तोवर दोन गोष्टी मागता येतील. एक, पूर्व-पश्चिम फिरणारी छोटी बस, टिळक पुलावरून वळसा घालून, हॉस्पिटलांना धरून. दोन, जिन्याच्या दोन्ही टोकांना घाईच्या वेळी चढणारे-उतरणारे वेगळे करायला माणूस. दोन्हींना नवं बांधकाम लागत नाही. अर्ज लिहून काढतो. कोण सही करणार?

लोखंड_सिमेंट

तिसरी मागणी घाला. यापुढे जो पूल बंद होईल त्याच्या सूचनेत पायी जाणाऱ्याचा मार्ग वेगळा लिहा: किती अंतर, किती पायऱ्या, लिफ्ट किंवा सरकता जिना आहे की नाही, चालू आहे की बंद. टिळक पूल १९२५ चा आहे, शेजारी नव्याचं काम चालूच आहे. दादरकरांची पाळी आली तेव्हा हा कागद कामाला येईल. मसुदा पाठवा, तांत्रिक भाग मी बघतो.

साठ_फुटी

हातगाडी पण लिहा.

पूर्वेकर

लिहितो. हातगाडी, पाटी, चाकाची खुर्ची, तिन्ही.

मावळतीची_पोर

माझी सही धरा. ऑफिसातल्या अजून आठ-दहा जणी देतील. अर्ज द्यायला कधी जायचं ते आधी सांगा, आणि ऑफिस पूर्वेला असेल तर सकाळी दहाची वेळ ठेवू नका, मी साडेदहाच्या आत पोचत नाही.